दोन-दोन इंच

बाबांची रायफल कुठली, ते एका चहात ठरलं.
नळी किती इंची, याला सात महिने लागले.

राबोडीचे यासीन मास्तर म्हणायचे,
टिपणीससाहेब, लांब नळीत बारूद नीट जळते,
गोळी पळते. मैदान असेल तर सव्वीस घ्या.
आणि येऊर?
मास्तर दाढीत हसायचे.
येऊरात मैदान कुठाय?
आखूड घ्या मग. जाळ दिसेल, कानठळ्या बसतील,
पण घाणेरीत अडकणार नाही.
आणि ऐका, लांब असली तर कापता येते.
कापलेला इंच मी परत जोडून देत नाही.

मोजायचं कसं, तेही त्यांनीच दाखवलं,
दुसऱ्याच कुणाच्या दुरुस्तीला आलेल्या रायफलीवर.
बोल्ट बंद करायचा,
तोंडातून गज आत सोडायचा, टेकेपर्यंत,
कडेशी अंगठ्याचं नख धरायचं,
मग गज बाहेर, पट्टीवर.
बाबा घरी येऊन नखाकडे बघत बसत.

आई म्हणाली, तुम्ही पाच फूट दोन इंच.
काहीही घ्या,
लोकांना आधी बंदूकच दिसणार.

मग उथळसरच्या बुरुडाकडून
भरीव बांबूच्या तीन काठ्या आल्या.
दस्ता-खटक्याचे वीस इंच धरून
पुढे बावीस, चोवीस, सव्वीस.
नळी सुरू होते तिथे चाकूची खाच.
रविवारी पहाटे, पाटोणापाड्याच्या वर, कारवीत
बाबा एकेक काठी घेऊन चालायचे,
मी मागे, वही घेऊन.
अडकली की रेघ.
उचलताना वेलीत गुंतली की फुली.
समोर बहुतेक काही नसायचंच.
एकदा भेकर उभं राहिलं, कान आमच्याकडे.
बाबांनी चोवीसची काठी खांद्याला लावली,
अर्धा श्वास सोडला, अर्धा धरला,
आणि ओठ न हलवता म्हणाले,
लिही. नाही अडकली.

चोवीस ठरली.
त्याच आठवड्यात मास्तरांनी पेपर पुढे केला.
शिकार बंद होतेय, साहेब.
भिंतीवर टांगायची असेल तर सांगा,
भिंतीला कितीही इंची चालते.
बाबा कोर्टातले शिरस्तेदार, कायदा म्हणजे कायदा.
वही मात्र त्यांनी रद्दीत घातली नाही.

काठ्या मच्छरदाणीला लागल्या.
चौथा झाडूचा दांडा.
कोपऱ्याकोपऱ्याला दोन-दोन इंच उतरत गेलेल्या
त्या जाळीखाली मी शाळा संपवली.
उंच कोपरा आईचा.
बुटक्यात बाबा, नाकाला जाळी लागायची.

आता मी घोडबंदर रोडला, अकराव्या मजल्यावर.
मागच्या महिन्यात कॅमेऱ्यात बिबट्या आला.
कुंपणाच्या भिंतीवरून पार्किंगमध्ये उतरला,
गाड्यांमधून गेला, बॉनेटला मिशीही न लावता,
गेटवरच्या रजिस्टरात नोंद न करता.
सोसायटीने ठरवलं, वॉचमनना काठ्या द्याव्यात.
खर्च पुढच्या मीटिंगला मंजूर होणार होता.

मी माळ्यावरून तिन्ही काढल्या, खाली नेल्या.
रात्रपाळीला जेठू पागी.
घ्या कुठलीही, म्हटलं.
त्याने कुठलीही घेतली नाही.
एकेक हातात तोलली,
दोन खांबांमधून फिरवून पाहिली,
खाचेवरून अंगठा नेला. काय विचारलं नाही.
सव्वीसची कचऱ्याच्या डब्याला लागली.
बावीसची घेऊन खुर्चीत बसला,
उठला,
पुन्हा बसला, पुन्हा उठला,
मान हलवून ती बाजूला ठेवली. की ठेवली नाही,
नुसती भिंतीला टेकवली.

लिफ्ट दोनदा येऊन रिकामी गेली.
ताई, घाई नाही ना?
नाही हो, म्हटलं,
आणि पर्समध्ये पेन शोधू लागले.